सावलीत मोजलेला पारा

पेपरात छापून येतं : जळगाव ४५. बाजूला सूर्याचं चित्र, सूर्यालाच घाम फुटलेला. खाली सल्ला : दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, भरपूर पाणी प्या. आम्ही चाळीसगावचे लोक उन्हाला भीत नाही असं आमचे म्हातारे सांगत आले. खानदेशातला माणूस म्हणजे भट्टीतून काढलेली वीट, वगैरे. मीही हे पुष्कळदा बोललोय. मुंबईच्या पोरांपुढे तर जरा जास्तच. आता बोलवत नाही.

कारण हा ४५ चा आकडा आमचा नाही. यंत्र बिघडलेलं आहे असं मी म्हणत नाही. यंत्र ठीक आहे, पण ते सावलीत बसलंय. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवतात. चार पायांची पेटी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, खाली शक्यतो गवत, चहूबाजूंनी वारा खेळता. स्टीव्हन्सन पेटी म्हणतात तिला. हवेचं तापमान मोजायचं तर यंत्रावर थेट ऊन पडता कामा नये, हे शास्त्राला धरूनच आहे. जगभर असंच मोजतात, म्हणून जळगावची नि लंडनची तुलना करता येते. माझं शास्त्राशी भांडण नाही. भांडण हे आहे, की त्या पेटीतला आकडा घेऊन सरकार, पेपरवाले आणि एसीतले साहेबलोक 'आज इतकं ऊन होतं' असं ठरवून मोकळे होतात. पेटीच्या बाहेर, डांबरावर, पत्र्यावर, स्लॅबवर जो उभा आहे त्याचं ऊन कोण मोजतो? एका तापमापकाला या देशात जेवढी सावली मिळाली तेवढी माझ्या बापाला उभ्या जन्मात मिळाली नाही.

सकाळी साडेआठला शहरातल्या मजूर अड्ड्यावर या. घमेली-फावडी घेऊन माणसं उभी असतात. सेंट्रिंगवाले, मिक्सरमध्ये गोण्या ओतणारे, खड्डा खणणारे. तिथून मार्केट यार्डात जा, पोती उचलणारे हमाल बघा. वीटभट्टीवर जा. गटारात उतरणाऱ्याला बघा. रस्त्यावर दीडशे अंशांच्या घरात तापलेलं डांबर पसरणाऱ्या टोळीत तोंडाला फडकं बांधलेल्या बायका बघा. आणि मग प्रत्येकाला जात विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर नुसतं आडनाव विचारा. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण याची यादी दिली होती : अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, कष्टकरी, स्त्रिया. मला ती यादी आता दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या असलेल्या माणसांची हजेरी वाटते. एक नाव कमी नाही, एक जास्त नाही.

अशाच एका साईटवर, जेवणाच्या सुट्टीत, मी एका म्हाताऱ्या बाईला म्हटलं, मावशी, जरा सावलीत बसा, ऊन फार आहे. ती कळण्याची भाकरी मोडता मोडता म्हणाली, ''सावलीम्हा बशीसन पोट भरस का, भाऊ?'' मी गप्प बसलो. हवामानबदलावरचे जाडे अहवाल तिनं वाचलेले नाहीत, पण त्या अहवालांनी गाळलेलं वाक्य तिनं तोंडावर फेकलं.

आता अहवालवालेही हळूहळू तिच्याजवळ यायला लागलेत. बंगळूरच्या आयआयएममधल्या नि इतर संस्थांतल्या संशोधकांनी सरकारच्याच रोजगार पाहणीचे आकडे आणि उपग्रहानं टिपलेलं तापमान एकमेकांवर ठेवून पाहिलं, आणि दाखवून दिलं की उघड्यावर, तापत्या हवेत घालवलेले कामाचे तास दलित-आदिवासींच्या वाट्याला वरच्या जातींपेक्षा जास्त येतात. शिक्षण आणि पैसा यांचा फरक बाजूला काढूनही जात शिल्लक राहते. आपल्याला हे कळायला उपग्रह लागत नाही. पण बरं झालं. त्यांना उपग्रहाशिवाय पटत नाही.

सावलीवरून आठवलं. पेशवाईतल्या पुण्याबद्दल एक नोंद आहे. गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या त्यांच्या १९३२ च्या पुस्तकात ती दिलीय. महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी यायला बंदी. का? तर त्या वेळी सूर्य कललेला असतो, सावल्या लांब पडतात, आणि आमची लांब सावली एखाद्या ब्राह्मणावर पडली तर तो बाटतो. ही गोष्ट आपण शेकडो भाषणांतून सांगितली, ऐकली, टाळ्या घेतल्या. पण तिची दुसरी बाजू माझ्या डोक्यात ह्या उन्हाळ्यापर्यंत आली नव्हती. सकाळी नऊच्या आधी बंदी, दुपारी तीननंतर बंदी. मग मुभा कधी? नऊ ते तीन. म्हणजे भर उन्हात. ज्या वेळी आमची सावली पायाखाली चेपली जाते, डोक्यावर आग असते, नेमकी तीच वेळ आमच्यासाठी राखून ठेवलेली. आमची सावली त्यांना नको होती आणि त्यांची सावली आम्हाला मिळत नव्हती. आज आपत्ती खात्याचं पत्रक सांगतं, बारा ते तीन बाहेर पडू नका. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या बापजाद्यांना त्याच वेळेत बाहेर पडायची परवानगी होती. वेळापत्रक तेच आहे. फक्त त्यावरची सही बदललीय. तेव्हा धर्माची होती, आता ठेकेदाराची.

आणि 'भरपूर पाणी प्या'! शरीराकडे उष्णता बाहेर टाकायला मुख्य वाट एकच, घाम. घामाला पाणी लागतं. बरोबर. पण साईटवर पाणी कुठलं? टँकरचं, सिमेंट कालवायच्या टाकीतलं. आणि बाईनं पाणी प्यायलं तर मुतायला जायचं कुठं? हे पत्रकात नाही. म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. जीभ ओली करतात आणि डोकं धरून काम करतात, मूत्रपिंडाचं काय व्हायचं ते होऊ दे. ज्यांनी महाडला १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्यांच्या नाती-पणती २१ व्या शतकात आडोसा नाही म्हणून पाणी टाळतात. आपल्यातल्या किती पुढाऱ्यांनी ह्यावर एक निवेदन दिलंय? मीही नाही दिलं. लिहून ठेवतो.

ह्या व्यवस्थेला उष्णतेचं काही कळत नाही असं समजू नका. फार चांगलं कळतं. चाळीसगाव जंक्शन आहे, मुंबई-भुसावळ लाईन इथून जाते, धुळ्याचा फाटा इथून फुटतो. उन्हाळ्यात रूळ तापतात, लांबतात, वाकायला बघतात. रूळ वाकला तर गाडी घसरते. म्हणून रेल्वेत उन्हाळी गस्तीचा नियम आहे. रुळाचं तापमान एका ठरलेल्या हद्दीपलीकडे गेलं की गँगमननं त्या टप्प्यात चालत जायचं, रूळ सरकलाय का बघायचं. रुळाचं तापमान मोजायचं वेगळं यंत्रही असतं, थेट रुळावरचं, सावलीतलं नव्हे. नियम चांगला आहे, हजारो उतारूंचे जीव त्यावर आहेत. पण बघा : लोखंड तापलं की त्याची तब्येत विचारायला माणूस पाठवतात, आणि पाठवतात तोही त्याच दुपारी, त्याच खडीवरून. त्या माणसाच्या अंगाचं तापमान किती झालं की गस्त थांबवायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

दुसरं बघा केळीचं. रावेर, यावल, चोपडा : आमच्या जिल्ह्याची केळी देशभर जाते, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ह्या केळीला हवामानावर आधारलेला विमा आहे. ठराविक तापमान सलग ठराविक दिवस ओलांडलं की नुकसान धरतात आणि पैसे देय होतात. पंचनामा नाही, पारा वर गेला हाच पुरावा. शेतकऱ्याला पैसे मिळावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मिळतात किती नि कधी हे त्यालाच विचारा. पण केळीच्या खोडाला ऊन लागतं हे ज्या राज्याला मान्य आहे, त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराला ऊन लागतं हे मान्य करायला त्याच्याकडे कागद नाही. मजूर पडला तर तो दारू प्यालेला होता, उपाशी होता, 'त्याला आधीच काहीतरी होतं'. केळ कधी प्यालेली नसते. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेनं आपल्या कष्टकरी सभासद बायकांसाठी उष्म्याचा विमा काढून दाखवला, पारा ठरल्या रेषेवर गेला की थेट बाईच्या खात्यात पैसे. रक्कम छोटी आहे, दोनचार दिवसांच्या रोजीएवढी. पण म्हणजे करता येतं. करायचं नव्हतं, एवढंच.

आता एक भांडण. परवा आमच्या बैठकीत एक मित्र, माझ्यापेक्षा जास्त वाचलेला, म्हणाला : हवामानबदल हा पांढरपेशांचा विषय आहे. झाडं लावा, सायकल चालवा, कापडी पिशवी वापरा. अत्याचार चाललेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आरक्षण पोखरलं जातंय, आणि तू पाऱ्यावर अग्रलेख लिहितोस? आणि ऊन काय आजचंय? खानदेशात ऊन कायमच होतं.

त्याचं अर्धं खरं आहे. ऊन होतंच. पण होतं तसं राहिलेलं नाही. कारखाने सुरू होण्याआधी हवेतल्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत. ही पृथ्वीवर घातलेली गोधडी आहे, दरवर्षी तिच्यात एक अस्तर वाढतं. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात जी लाट आली, ती हवामानबदलामुळे तीसपट अधिक संभाव्य झाली होती, असं जगातल्या शास्त्रज्ञांच्या गटानं हिशेब मांडून सांगितलं. त्याच लाटेत गहू करपला आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. २०२४ हे साल देशातलं १९०१ पासूनचं सगळ्यात तापलेलं साल ठरलं, आणि साऱ्या जगाची वर्षाची सरासरी औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दीड अंशाच्या पलीकडे गेलेलं पहिलं साल. हे 'म्हातारे सांगायचे'वालं ऊन नाही.

आणि गोधडी शिवली कोणी? ऑक्सफॅमच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगातल्या सगळ्यात श्रीमंत एक टक्का लोकांनी जेवढा कार्बन सोडला तेवढा खालच्या दोन तृतीयांश माणसांनी मिळून सोडला. आमच्या भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, राखेचे ढीग तिथल्या गावांजवळ, आणि वीज जाते ज्याच्या भिंतीवर एसी आहे त्याच्याकडे. एसी खोलीतली उष्णता उपसून गल्लीत फेकतो. गल्लीत कोण झोपलंय? तेव्हा माझ्या मित्राला माझं उत्तर असं : हा पांढरपेशांचा विषय नाही, पांढरपेशांची करणी आहे. विषय आपला आहे. अत्याचार म्हणजे फक्त कुऱ्हाड नि रॉकेल असं कोणी ठरवलं?

पाणी पण त्याच करणीतलं. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना जो पूर आला तो इथल्या माणसांना विसरता येणार नाही. कन्नडच्या घाटात त्याच रात्री दरडी कोसळल्या. एकाच पुराला मी सगळी करणी चिकटवत नाही. पण तापलेल्या हवेत असे दिवस वाढणार, हे हिशेबात धरावं लागेल. नदीकाठी कोण राहतं हेही सांगायला नको. उन्हाळ्यात भाजायचं, पावसाळ्यात वाहून जायचं.

घराचं बोललो नाही अजून. आमच्या आजोबाचं घर धाब्याचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर खारी माती थापलेलं छप्पर. गरिबीचंच घर, पावसाळ्यात गळायचं, विंचू पडायचे, मला त्याचं कौतुक करायचं नाही. पण मे महिन्यात दुपारी आत थंड असायचं. मग पत्रे आले. पत्रा म्हणजे प्रगती, असं आम्हालाही वाटलं. पत्रा दुपारी तापतो तो तापतोच, पण दाटीवाटीच्या वस्तीत, सिमेंटच्या भिंतींत कोंडलेली उष्णता रात्रीसुद्धा बाहेर जायला मागत नाही. डॉक्टर लोक सांगतात की दिवसाच्या उन्हापेक्षा न निवणारी रात्र जास्त घातकी, कारण शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. म्हातारी माणसं, तान्ही पोरं रात्री जातात. आणि रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे मोठे निंब गेले. ज्यांच्याकडे पोर्च आहे त्यांचं काही गेलं नाही. ज्यांची दुपारची जेवणाची जागा म्हणजे तो निंब होता, त्यांचं घर पाडल्यासारखं झालं. कोणी मोर्चा काढला नाही. आपणही नाही.

आपल्यावरच आलोय तर पुरतं बोलतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून उघड्या उन्हात बसवलेली, व्यासपीठावर मात्र छप्पर. जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. ३८! जळगावात त्याला कोणी ऊन म्हणणार नाही. चौदा माणसं मेली. तेव्हा आपण सरकारला शिव्या घातल्या, बरोबर घातल्या. पण त्याच्या दोनच दिवस आधी १४ एप्रिल होता. आपल्या जयंतीच्या सभांत काय असतं? मंचावर मंडप, पंखे, बाटलीबंद पाणी. समोर निळे फेटे बांधलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या आयाबाया, उन्हात. पुढारी तीन तास उशिरा येतो. वर सांगतो, तुम्ही उन्हात बसलात, हीच तुमची निष्ठा. कसली निष्ठा? ही तर पेशवाईची वेळ, आपल्याच घरात पाळलेली. दोस्तहो, ज्या सभेत समोरच्या माणसावर सावली नाही त्या सभेच्या मंचावर मी ह्यापुढे चढणार नाही. माझ्या न चढण्यानं कोणाचं काही अडत नाही, ठाऊक आहे.

आता मरणाचा मुद्दा, कारण सगळं त्यावर येऊन अडतं. उन्हानं किती माणसं मरतात? सरकारी आकडे हातावर मोजण्याइतके असतात. का? कारण उष्माघात लिहायला डॉक्टरनं माणूस जिवंत असताना किंवा लगेचच बघावा लागतो, ताप ४० च्या वर मोजावा लागतो, तो कुठे नि काय काम करत होता हे लिहावं लागतं. आपला माणूस संध्याकाळी घरी येतो, डोकं दुखतं म्हणतो, पत्र्याखाली आडवा होतो, पहाटे उठत नाही. दाखल्यावर काय? हृदयक्रिया बंद पडली. सगळ्याच मेलेल्यांची पडते.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात मोठी लाट आली. नंतर संशोधकांनी शहाणपणा केला. दाखल्यावर काय लिहिलंय हे न बघता त्यांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले आणि इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. एका शहरात, एका महिन्यात. त्या आकड्यामुळे २०१३ साली तिथं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा झाला. म्हणजे आधी मोजणी, मग माणूस. ज्याची नोंद नाही त्याचं मरण राजकारणात धरत नाहीत. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत २०२१ ते २६ ह्या काळासाठी थंडीची लाट होती, पण उष्णतेची लाट नव्हती. म्हणजे उत्तरेत थंडीनं गारठून मेलास तर आपत्ती, खानदेशात भाजून मेलास तर तुझं नशीब.

नोंदीवरून चाळीसगाव आठवतं. साल १९२९. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या कामासाठी ते खानदेशात आले. धुळ्याच्या लाईनीवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून २३ ऑक्टोबरला ते चाळीसगावला परतले. आपल्या लोकांनी त्यांना महारवाड्यात न्यायचं ठरवलं. टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. मग टांगा भाड्यानं घेतला आणि आपल्यातल्याच एका नवशिक्यानं हाकला. नदीवरच्या फरशीपुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा-टांगा खाली नदीत. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय, आणि आपण ती टांगेवाल्याच्या माजाची गोष्ट म्हणून सांगतो. तशी ती आहेच. पण ते इथं कशाला आले होते? भाषण द्यायला नाही. जबान्या घ्यायला. गावोगाव जाऊन, माणसाला समोर बसवून, काय झालं, कधी झालं, कोणी केलं, लिहून घ्यायला. पाय ज्या कामात मोडला ते काम नोंदीचं होतं. आपण त्यांच्या पायांची पूजा करायला शिकलो, ते काम विसरलो.

कायद्याचं म्हणाल तर कागद भरपूर आहेत. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लागलं, आमच्या जळगाव जिल्ह्यातही तसा आदेश निघाला. ज्या कलमानं आमचे मोर्चे अडवले त्याच कलमानं सूर्याला जमावबंदी! हसू नका, त्यात मजुरांची सोय बघा असंही होतं. पण आदेश काही दिवसांचा, आणि रोज बुडाला तर पैसे कोण देणार ह्यावर चकार शब्द नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी द्या असं स्पष्ट लिहिलं होतं. सावली कायद्यात होती, बांधावर नव्हती. २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क आहे. माळढोकाच्या निमित्तानं का होईना, दार उघडलं. त्या दारातून वीटभट्टीवरची बाई आत कधी जाणार?

कतारचं उदाहरण देतो. तिथं राजेशाही आहे, लोकशाहीचा पत्ता नाही, परदेशी मजूर उन्हात राबून मेले म्हणून जगभर छी थू झाली. २०२१ पासून तिथं १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे, आणि मोजमापाची ठराविक रेषा ओलांडली तर कोणत्याही वेळी काम थांबवायचं. आपल्याकडे सल्ला येतो. सूर्याचं चित्र येतं. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो त्यांच्या काळात. कामाचे तास कोणी ठरवायचे हा आपला जुना लढा आहे. तो उघड्यावरच्या कामापर्यंत न्यायचा राहिलाय. पाऱ्याची रेषा ओलांडली की काम बंद, रोज भरून, आणि पैसे ठेकेदाराकडून नाहीतर सरकारकडून. रोज न भरता काम बंद म्हणजे उन्हाऐवजी उपाशी मारणं, ते आम्हाला नको.

हे शहरातल्या वाचकांनाही लागू आहे. तुमच्यातला जो पोरगा दुपारी दोनला मोटरसायकलवरून दुसऱ्याचं थंड आईस्क्रीम वेळेत पोचवायला धावतो, त्याला मी खानदेशातलाच समजतो. रमाबाई नगरातला, धारावीतला पत्रा आणि इथला पत्रा एकाच दुकानातला.

आम्ही काय केलं? फार काही नाही. वर्गणी काढून भिंतीवर लावायचे साधे तापमापक आणले. काही घरांत टांगले. बहुतेक पत्र्याखाली, एक अजून उभ्या असलेल्या धाब्याच्या घरात, एक गल्लीतल्या ओट्यावर. दुपारी दोनला, रात्री दहाला आणि पहाटे पाचला वहीत लिहायचं. पहिल्याच आठवड्यात दिसलं की रात्री दहाला ओटा निवलेला असतो आणि पत्र्याखालचं घर नाही. पहाटेच्या नोंदी नववीतली एक पोरगी करते, कारण त्या वेळी ती पाणी भरायला उठलेलीच असते. तिनं वहीत स्वतःहून एक रकाना वाढवलाय : घरात रात्री झोपलं कोण, कोण नाही. मला सुचला नव्हता.

दुसरी वही मृत्यूंची. मार्च ते जून, वस्तीत कोण गेलं, वय, काम, शेवटचा दिवस कुठं घालवला, घर कशाचं. दाखल्यावर काय लिहिलंय ते वेगळ्या रकान्यात. नावं छापणार नाही.

पुढच्या अंकात दोन्ही वह्यांतली पानं छापू. तुमच्या वस्तीतली पाठवा. तापमापक बाजारात मिळतो, महाग नाही. पत्र्याखाली टांगा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ, जिथं ते माणूस खरंच झोपतं तिथं. पेटीबिटी करू नका.